घरच्या संगणकासाठी फुकटचा अँटीव्हायरस कोणता निवडावा? मदत हवी आहे

नमस्कार. सांगलीला वडिलांकडे एक जुना डेस्कटॉप आहे: चौथ्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम, विंडोज १०. वीजबिल, बँक, हयातीचा दाखला आणि पेन्शनची कागदपत्रे एवढ्यापुरताच ते तो वापरतात. दुरुस्तीवाल्याने टाकून दिलेल्या सशुल्क अँटीव्हायरसची मुदत संपली असून आता कोपऱ्यात सारखी नूतनीकरणाची लाल चौकट उगवते, आणि ती मिटवण्याची फुली इतकी बारीक आहे की वडिलांचा हात हमखास खरेदीच्या बटणावरच पडतो.

हेही चालवून घेतले असते. पण मागच्या आठवड्यात ते झेरॉक्सच्या दुकानातून पेन ड्राइव्हवरून छपाई करून आले आणि घरी तो लावल्यावर ‘पेन्शन’ या फोल्डरच्या चित्रावर छोटा बाण दिसू लागला. त्यावर क्लिक करताच एक काळी खिडकी क्षणभर चमकून गेली आणि मग फोल्डर उघडले. कागदपत्रे जागच्या जागी असल्यामुळे त्यांनी ते मनावर घेतले नाही. मी व्हिडिओ कॉलवर पाहिले तेव्हा त्या नावापुढे आकाराच्या रकान्यात ‘२ केबी’ असे होते, जे खऱ्या फोल्डरपुढे कधी नसते.

विंडोजमधला डिफेंडर पुरेसा आहे, की अव्हास्ट, अव्हिरा, बिटडिफेंडर यांपैकी एखाद्याची फुकट आवृत्ती घ्यावी? दुरुस्तीवाला म्हणतो की दोन टाका, म्हणजे एकातून सुटलेले दुसऱ्यात सापडेल. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे त्याला सांगता येत नाही.

प्रतिसाद:

दोन टाकू नका. उघडणारी प्रत्येक फाइल दोघेही तपासणीसाठी अडवतात, कधी एकमेकांच्या फायलींनाच विषाणू ठरवतात, आणि चार जीबी रॅमवर वडिलांना वीजबिलाचे पान उघडेपर्यंत चहा पिऊन होईल.

तुमच्या वापराला डिफेंडर पुरेसा आहे. अव्हास्ट, एव्हीजी आणि अव्हिरा आज जेन डिजिटल या एकाच कंपनीच्या छत्राखाली आहेत, त्यामुळे त्यांच्यातली निवड दिसते तितकी मोठी नाही. शिवाय वापरकर्त्यांची ब्राउझिंगची माहिती विकल्याबद्दल अव्हास्टला २०२४ मध्ये अमेरिकेत १ कोटी ६५ लाख डॉलर मोजावे लागले, हे मी तरी विसरलेलो नाही. बिटडिफेंडरची फुकट आवृत्ती चांगली आहे, पण जुन्या यंत्रावर आणखी ओझे कशाला? मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती सतत पहारा देत नाही, सांगाल तेव्हाच तपासते, म्हणून ती अधूनमधून दुसरे मत घेण्यापुरती ठेवायला हरकत नाही.

मात्र आधी तो मुदत संपलेला प्रोग्रॅम पूर्ण काढा, कारण दुसरा अँटीव्हायरस नोंदलेला असला की डिफेंडर स्वतःहून मागे सरतो. नुसते अनइन्स्टॉल करून भागले नाही, तर त्या कंपनीचे काढून टाकण्याचे स्वतंत्र साधन वापरा. मग विंडोज सिक्युरिटीमध्ये डिफेंडर चालू झाल्याची खात्री करून तो अद्ययावत करा, पूर्ण तपासणी लावा आणि शेवटी ऑफलाइन तपासणी करा; तिच्यात संगणक पुन्हा सुरू होतो आणि विंडोज पूर्ण उघडण्याआधीच सुमारे पंधरा मिनिटे तपासणी चालते. पेन ड्राइव्हमधील तो बाणवाला ‘फोल्डर’ म्हणजे शॉर्टकट आहे. खऱ्या फायली लपवलेल्या असतात. त्या दिसण्यासाठी एक्सप्लोररमध्ये ‘हिडन आयटम्स’ चालू करा आणि ‘प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टम फाइल्स’वरचे लपवण्याचे बंधन तात्पुरते काढा.

खरी अडचण वेगळीच आहे. विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, म्हणजे ते या यंत्रावर अधिकृतपणे बसणार नाही. घरगुती वापरकर्त्यांसाठीच्या वाढीव सुरक्षा अपडेट्सची नोंदणी मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून करून घ्या. विंडोजमधली भोके तशीच राहिली, तर वर कोणताही अँटीव्हायरस बसवून ती बुजणार नाहीत.

धागाकर्ता:

आभारी आहे. फायली नाव नसलेल्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये सुखरूप सापडल्या, तपासणीत दोन गोष्टी पकडल्या गेल्या आणि लाल चौकट कायमची गेली. बँकेचा पासवर्ड फोनवरून बदलून घेतला आहे. वाढीव अपडेट्सची नोंदणी येत्या रविवारी करतो.