नव्याने उभ्या राहणाऱ्या संघात गोलरक्षक कोण असावा?

पेठकर:
गेल्या हंगामानंतर आमच्या तालमीच्या फुटबॉल संघातले दोन्ही स्टॉपर (गोलपुढचे मधले बचावपटू) बाहेर पडले, मधली फळीही विस्कटली, त्यामुळे यंदाच्या केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीगसाठी संघ जवळजवळ नव्यानेच बांधावा लागत आहे. खरा वाद गोलरक्षकाच्या जागेचा आहे. पस्तिशी गाठलेला आमचा जुना गोलरक्षक शाहू स्टेडियमचे मैदान आणि तिथला प्रेक्षक दोन्ही ओळखून आहे, पण खाली पडून घ्यायच्या चेंडूंना आता त्याला उशीर होतो. दुसरा एकोणीस वर्षांचा, उंच आणि दोन्ही पायांनी चेंडू खेळवणारा मुलगा आहे. क्रॉसवर, म्हणजे बाजूने गोलपुढे उंच येणाऱ्या चेंडूवर, पुढे यायला मात्र तो कचरतो. यंदा विजेतेपदाची अपेक्षा तालमीत कोणालाच नाही. अशा वेळी पहिल्या सामन्यापासून कोणाला उभे करावे?

गॅलरीवाला:
मुलालाच. इटलीतल्या एसी मिलान क्लबने २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये दिएगो लोपेझसारख्या अनुभवी गोलरक्षकाला बसवून सोळा वर्षांच्या दोन्नारुम्माला उतरवले होते, आणि २०२१ च्या युरो स्पर्धेत तोच सर्वोत्तम खेळाडू ठरला. क्रॉस कधी घ्यायचा हे सरावात अर्धेच शिकता येते. उरलेले अंगावर माणसे येत असतानाच कळते. विजेतेपदाचा दबाव नसलेला हंगाम त्यासाठी पुन्हा कधी मिळणार?

माजी स्टॉपर:
दोन्नारुम्माचे नाव आपल्याला ठाऊक आहे, कारण तो टिकला. लवकर उतरवले गेले आणि विझले, त्यांची नावे कोणी घेत नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये संघाचा सगळा खेळ क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होतो. २००२ मध्ये ह्यूस्टन टेक्सन्स या नव्याकोऱ्या संघाने निवडप्रक्रियेत पहिल्या क्रमांकावर घेतलेल्या डेव्हिड कारला लगेच त्या जागी उभे केले. पण त्याच्यापुढची फळी इतकी कच्ची होती की त्या एका हंगामात चेंडू फेकण्याआधीच त्याला ७६ वेळा पाडले गेले, आणि त्याच्याकडून जी अपेक्षा होती ती पुढे कधीच पुरी झाली नाही. तुमचे दोन्ही स्टॉपर नवे आहेत. कॉर्नरच्या वेळी कोणी कोणाला धरायचे, ऑफसाइडसाठी फळी कधी वर न्यायची, हे मागून ओरडून सांगणारा माणूस त्यांना हवा आहे, आणि एकोणीस वर्षांच्या मुलाचा आवाज पंचविशीतले खेळाडू सहजासहजी ऐकत नाहीत. पहिली फेरी जुन्याला खेळवा, स्टॉपरची जोडी जमली की मुलाला उतरवा.

गॅलरीवाला:
दाखला तिकडचाच द्यायचा, तर क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगचाही द्या. १९९८ च्या पहिल्या हंगामात त्याचे २८ पास प्रतिस्पर्ध्यांनी पकडले आणि त्याच्या संघाने १६ पैकी १३ सामने गमावले. तरीही त्याची जागा कोणी काढली नाही. पुढच्याच वर्षी त्याच संघाने १३ सामने जिंकले.

मंगळवारचा:
बाद फेरीच्या स्पर्धांत टायब्रेकरला, म्हणजे बरोबरीनंतरच्या पेनल्टींना, जुनाच बरा. एवढेच सांगतो, बाकी चालू द्या.

माजी स्टॉपर:
मॅनिंगचा दाखला मान्य आहे, पण त्यातला महत्त्वाचा भाग त्याची जागा काढली नाही हा आहे. आपल्याकडे दुसऱ्या पेठेच्या संघाविरुद्ध हातातून एक चेंडू सुटला, तर संध्याकाळपर्यंत तालमीच्या कट्ट्यावर गोलरक्षक बदलण्याची मागणी सुरू होते, आणि मार्गदर्शकही पुष्कळदा नमते घेतात. मुलाला उतरवून तिसऱ्या सामन्यात बसवण्यापेक्षा त्याला सुरुवातीला न उतरवलेले चांगले. आणखी एक गोष्ट विचारात घ्या. २०१९ पासून गोलकिक (गोलरेषेबाहेर गेलेला चेंडू गोलपासून पुन्हा खेळात आणणारी किक) पेनल्टी क्षेत्राच्या आत उभ्या सहकाऱ्यालाही देता येते, त्यामुळे पायाने चांगला असलेल्या गोलरक्षकाचे मोल वाढले आहे. पण तुमचे नवे स्टॉपर तिथे दबावाखाली चेंडू घेऊ शकत नसतील, तर त्या गुणाचा उपयोग काय?

पेठकर:
दोन्ही स्टॉपर चेंडू घ्यायला घाबरत नाहीत. त्यांची अडचण हवेतल्या चेंडूंची आहे, आणि नेमकी तीच आमच्या मुलाचीही आहे. त्यामुळे पहिल्या फेरीत जुन्यालाच ठेवावे आणि सरावात दोन्ही स्टॉपरसह मुलाला रोज कॉर्नर खेळवावेत, असे मी मार्गदर्शकांना सुचवणार आहे. दुसऱ्या फेरीत मुलगा उतरला, की हंगाम संपेपर्यंत जागा त्याचीच राहील, हे मात्र तालमीच्या बैठकीत सर्वांसमोर आधीच ठरवून घ्यावे लागेल.