जखमी रानहंस अडगळीच्या खोलीत आणि कोंबड्या परसात: दोघांना कसे सांभाळावे?

परसदार

नमस्कार. आज सकाळी तळ्याकाठच्या गवतात एक रानहंस बसलेला दिसला. जवळ गेल्यावर तो फुत्कारला, उठून चालूही लागला, पण उडाला नाही. त्याचा डावा पंख अंगालगत मिटण्याऐवजी जमिनीवर फरफटत होता आणि कोपराजवळची पिसे वाळलेल्या रक्ताने एकमेकांना चिकटली होती. शेवटी त्याच्यावर जुनी चादर टाकून त्याला उचलले आणि आता तो अडगळीच्या खोलीत, पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यात आहे. (उचलताना मोकळ्या राहिलेल्या उजव्या पंखाचा एक तडाखा माझ्या मनगटावर बसला. त्या पंखात एवढा जोर असेल असे वाटले नव्हते.)

माझ्याकडे चौदा कोंबड्या आणि तीन बदके आहेत. खुराडे त्या खोलीपासून तीसेक पावलांवर आहे आणि हे सगळे पक्षी दिवसभर परसात मोकळे हिंडतात. हंसाला ठेवल्यावर मी हात धुतले, पण त्याच कपड्यांत आणि त्याच चपलांनी खुराड्यात जाऊन अंडी काढली. बर्ड फ्लूची आठवण त्यानंतर झाली आणि तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही.

हंसाला खायला काय द्यावे, जखमेवर घरातले जंतुनाशक ओतले तर चालेल का, आणि तो एकटा पडून बिथरला आहे म्हणून त्याला बदकांच्या सोबतीला ठेवले तर तो शांत होईल का, हे कृपया सांगावे. तळ्यावर दुसरा एक हंस, बहुधा याचा जोडीदार, अजूनही ओरडत आहे.

पाणवठा

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो सर्वांत घाईचा आहे. बदकांची सोबत अजिबात नको. त्यांना असलेला धोका तर आहेच, पण हंसालाही त्यातून काही दिलासा मिळणार नाही. वेदनेत असलेल्या रानपक्ष्याला अनोळखी पक्षी, माणसांचे बोलणे आणि सारखे झाकण उघडून पाहणे हे सगळे सारखेच भयावह असते. तो शांत होतो तो अंधाराने आणि नीरवतेने. खोक्याला हवेसाठी भोके असावीत, तळाशी जुना टॉवेल असावा (नुसत्या वर्तमानपत्रावर त्याचे पाय घसरतात) आणि झाकण मिटलेले असावे. तो गप्प बसला म्हणजे तुम्हाला सरावला असे मात्र समजू नये. भीतीने थिजलेला पक्षीही तसाच गप्प असतो.

सध्या खायला काही देऊ नका. धक्क्यात असलेल्या आणि गारठलेल्या पक्ष्याचे पचन मंदावलेले असते. पाणी चोचीत ओतणे तर त्याहून वाईट, कारण पक्ष्यांच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या बुडाशीच उघडते आणि ओतलेले पाणी सरळ त्यात उतरू शकते.

जंतुनाशक ओतण्याचा विचारही सोडून द्यावा, आणि त्यामागचे कारण फारसे कोणाला माहीत नसते. हंसाचे खांद्यापासून कोपरापर्यंतचे हाड पोकळ असते आणि आतून हवेच्या पिशव्यांशी, म्हणजे श्वसनसंस्थेशीच, जोडलेले असते. ते हाड मोडून कातडीबाहेर आले असेल, तर वरून ओतलेला द्रव थेट श्वसनमार्गात पोहोचू शकतो. उघडी जखम दिसत असेल तर तिच्यावर स्वच्छ, ओलसर कापड नुसते ठेवावे; हाड बसवण्याचा प्रयत्न करू नये. लोंबणारा पंख अंगाशी धरून बांधायचाच झाला, तर पट्टी छातीवर आवळली जाणार नाही याची काळजी घ्यावी. पक्ष्यांना आपल्यासारखे श्वासपटल नसते, छातीचे हाड हलते तेव्हाच हवा आत-बाहेर होते, आणि त्यामुळे घट्ट गुंडाळलेला पक्षी आपल्या डोळ्यांदेखत गुदमरतो.

वन्यपक्ष्यांवर उपचार करणारे केंद्र, वनखाते किंवा पक्ष्यांची माहिती असलेला पशुवैद्य यांच्यापैकी कोणाला तरी आजच फोन करावा. बहुतेक ठिकाणी रानहंस परवान्याशिवाय घरी ठेवता येत नाही, ही एक गोष्ट. पण कायदा बाजूला ठेवला तरी वेळ आपल्या बाजूने नाही. पक्ष्यांचे हाड काही आठवड्यांतच सांधते, आणि ते वाकडे सांधले की पंख कायमचा जातो.

खुराडेदार

हंसाविषयी वर चांगले सांगितले गेले आहे. मी कोंबड्यांची बाजू मांडतो.

पाणपक्षी हे इन्फ्लुएन्झा विषाणूंचे नैसर्गिक आश्रयस्थान आहेत. पुष्कळदा ते स्वतः ठणठणीत दिसत असतात आणि त्यांच्या विष्ठेतून व लाळेतून विषाणू बाहेर पडत असतो. आज जगभर पसरलेल्या एच५एन१च्या, म्हणजे बर्ड फ्लूच्या घातक विषाणूच्या, घराण्याचा मूळ नमुना १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात एका पाळीव हंसातच सापडला होता. उलट २००५ मध्ये चीनमधल्याच चिंगहाय सरोवरावर याच रोगाने पट्टकादंब हंस मोठ्या संख्येने मेले. त्यामुळे ‘हंस धडधाकट दिसतो, म्हणजे रोग नाही’ आणि ‘हंस आजारी आहे, म्हणजे फ्लूच’ ही दोन्ही अनुमाने फसवी आहेत. तुमच्या घरात बदकांवरही हेच लागू आहे. संसर्ग झाला तर कोंबड्या एक-दोन दिवसांत धडाधड मरून तुम्हाला सावध करतील, बदके कदाचित काहीच दाखवणार नाहीत.

खोली तीस पावलांवर असणे पुरेसे आहे की नाही, यावर फार डोके शिणवू नका. हंस चालत खुराड्यात जाणार नाही. तिथे जाणार तुमची चप्पल, बादली आणि बाही. म्हणून सकाळी आधी खुराड्याचे काम पूर्ण उरकावे, मग हंसाकडे जावे, आणि तिकडून आल्यावर अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय खुराड्याकडे फिरकू नये. हंसाच्या खोलीच्या दाराशी एक गमबुटाचा जोड आणि एक जुना सदरा कायमचा ठेवावा, हातमोजे व मुखपट्टी वापरावी, लहान मुलांना आणि मांजरांना त्या बाजूला जाऊ देऊ नये. मांजरांचा उल्लेख मुद्दाम करतो आहे, कारण एच५एन१ने मांजरेही दगावलेली आहेत.

जंतुनाशकात भिजवलेले गोणपाट दारात टाकले की काम झाले, असा एक समज आहे. चिखलाने आणि विष्ठेने माखलेल्या बुटांवर त्याचा जवळजवळ काही उपयोग होत नाही, कारण ब्लीचचा जोर त्या घाणीतच खर्ची पडतो. आधी साबणाच्या पाण्याने ब्रश मारून बूट स्वच्छ करावेत, मग जंतुनाशक लावून ते दहा मिनिटे ओले राहू द्यावेत. ते पाणी वाहत खुराड्याकडे जात नाही ना, हे उतार पाहून ठरवावे.

माझाच अनुभव सांगतो. एकदा मी आजारी रानबदक ठेवले होते आणि खोली, चपला, कपडे सगळे चोख वेगळे ठेवले होते. फक्त दोन्हीकडची पाण्याची भांडी एकाच नळाखाली एकाच घासणीने घासत होतो, आणि हे माझ्या लक्षात आले ते कोंबड्या शिंकू लागल्यावर. पाच कोंबड्या गेल्या. तपासणी केली नव्हती, त्यामुळे दोष बदकाचाच होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण तेव्हापासून माझ्याकडे घासण्या दोन आहेत.

आज जे झाले त्याबद्दल: ते कपडे साबणाने धुवा, चपला वर सांगितल्याप्रमाणे स्वच्छ करा आणि सगळे पक्षी किमान १४ दिवस बंदिस्त ठेवा. या काळात तुमच्याकडचा पक्षी दुसऱ्या कोणाला देऊ नका आणि नवा आणू नका. एकाएकी मरतूक, निळसर पडलेला किंवा सुजलेला तुरा, वाकडी मान, अंडी अचानक थांबणे, यांपैकी काहीही दिसले तर मेलेला पक्षी न उघडता, न पुरता पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला कळवावे. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, लस राहिली असेल तर तेही त्यांच्याशी बोलून घ्यावे. वाकडी मान तिच्यातही दिसते, आणि घरबसल्या दोहोंतला फरक करता येत नाही.

संथपाणी

मला वरच्या सल्ल्यात एक पायरी सुटलेली वाटते. पक्षी उचलण्याआधी दहा मिनिटे दुरून पाहायला हवे होते. हे दोष देण्यासाठी म्हणत नाही, पुढे वाचणाऱ्यांसाठी म्हणतो. पिसे गळण्याच्या हंगामात हंस उडण्याची सगळी पिसे एकदम टाकतात आणि तीन-चार आठवडे त्यांना उडताच येत नाही. तेव्हा न उडणारा प्रत्येक हंस जखमी नसतो, आणि त्याचा पाठलाग केला तर घाबरून धावण्यानेच त्याच्या स्नायूंना जीवघेणी इजा होऊ शकते. तुमच्या हंसाचा एकच पंख लोंबतो आहे आणि रक्त आहे, म्हणजे त्याला इजा झाली असण्याचीच शक्यता जास्त.

तरीही झाकणाच्या फटीतून एकदा नीट पाहा. डोके थरथरत असेल, मान पिळवटलेली असेल, तो गोल गोल फिरत असेल किंवा डोळे दुधाळ दिसत असतील, तर पुन्हा हात न लावता केंद्राला तसे सांगा, कारण ही फ्लूचीही लक्षणे आहेत. मान लुळी पडून खाली टेकत असेल तर बोट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूच्या विषाने होणाऱ्या लकव्याचा, संशय घ्यावा. दोन्ही पंख छपरासारखे उतरलेले आणि विष्ठा गर्द हिरवी असेल, तर पाण्याच्या तळाशी पडलेले शिशाचे छर्रे किंवा गळाची वजने गिळल्याने झालेली विषबाधा असू शकते, आणि तिचे निदान रक्त तपासूनच होते.

परसदार

सर्वांचे आभार. कोंबड्या आणि बदके बंद केली आहेत, कपडे आणि चपला धुऊन झाल्या. फटीतून पाहिले: मान ताठ आहे, डोळे स्वच्छ आहेत, माझी चाहूल लागताच फुत्कारतो. विष्ठा मात्र हिरवी आहे. उजवा पंख नीट मिटलेला आहे. उपचार केंद्राशी बोलणे झाले, ते उद्या सकाळी त्याला न्यायला येणार आहेत. म्हणजे प्रश्न एका रात्रीचा उरला आहे. रात्री पाणी ठेवावे का, ऊब द्यावी का, आणि तो गेल्यावर त्या खोलीचे काय करावे?

पाणवठा

नुसत्या हिरव्या विष्ठेवरून घाबरू नका. उपाशी पक्ष्याची विष्ठाही हिरवी पडते. केंद्राला मात्र ते आवर्जून सांगा, ते गरज वाटल्यास शिसे तपासतील.

सहज कलंडणार नाही असे जड, उथळ भांडे पाण्यासाठी ठेवा. त्यात त्याला डुंबता येऊ नये, कारण ओली झालेली जखमी पिसे रात्रभर अंग गार ठेवतात. संध्याकाळपर्यंत तो सावरलेला वाटला तर मूठभर कोवळे गवत आणि थोडा गहू ठेवायला हरकत नाही. पाव नको. गहू कोंबड्यांच्या पोत्यातून घेणार असाल तर खोलीत जाण्याआधी वाटीत काढून घ्या, आणि ती वाटी किंवा उरलेले दाणे पुन्हा पोत्यात जाऊ देऊ नका.

उबेसाठी गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवावी, म्हणजे नको असेल तेव्हा त्याला दुसऱ्या बाजूला सरकता येईल. चोच उघडी ठेवून तो धापा टाकू लागला तर बाटली काढून घ्यावी. रात्रीतून एकदाच डोकावून पाहा. जास्त वेळा नको.

सकाळी तो खोक्यासकट द्यावा आणि खोके परत घेऊ नये. खोक्यावर सापडल्याची जागा अगदी नेमकी लिहून चिकटवा: तळ्याची कोणती बाजू, कोणत्या झाडाजवळ. हंसांची जोडी वर्षानुवर्षे टिकते आणि तो जोडीदार काही दिवस तिथेच घुटमळू शकतो, त्यामुळे पंख बरा झाला तर त्याला त्याच काठावर सोडणे सर्वांत चांगले. त्याला आज-उद्या तसाच तळ्यावर नेऊन सोडण्याचा मोह मात्र आवरा. उडता न येणारा हंस कुत्र्याकोल्ह्यांच्या हाती सहज लागतो.

खोलीतला टॉवेल आणि विष्ठा ओलसर करून पिशवीत बांधून टाका. कोरडे झाडू नका, कारण धुळीबरोबर ते सगळे हवेत उडते. ही घाण कोंबड्यांच्या खताच्या ढिगावरही नको. मग जमीन साबणाने, त्यानंतर जंतुनाशकाने पुसून खोली वाळू द्या, आणि कोंबड्यांचे १४ दिवस संपेपर्यंत त्यांचे खाद्य किंवा भुसा त्या खोलीत ठेवू नका.