मुलीला थॅलेसेमिया मायनर, नवऱ्याच्या घराण्यात सिकल, आणि मला नववा आठवडा. मदत हवी आहे

आम्ही भंडारा जिल्ह्यात राहतो. मुलगी सव्वातीन वर्षांची आहे. तिचं हिमोग्लोबिन साडेनऊच्या आसपासच अडलेलं. लोहाचं सिरप, खजूर, नाचणी, गूळ, सगळं देऊन झालं, काही फरक नाही. शेवटी नव्या बालरोगतज्ज्ञांनी जुन्याच रिपोर्टवर पेनाने दोन आकड्यांखाली रेघ ओढली: एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) ६१ आणि लाल पेशी ५३ लाख, म्हणजे ५.३ दशलक्ष. पेशी बारीक आहेत, पण संख्येने कमी नाहीत. लोहाच्या कमतरतेत सहसा संख्याही घटते. ६१ ला ५.३ ने भागायचं, उत्तर १३ च्या खाली आलं की थॅलेसेमिया मायनरची शंका घ्यायची. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) नॉर्मल निघालं आणि एचपीएलसीत (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी) एचबी ए-टू वाढलेलं, ५.३ टक्के, म्हणजे मायनरच, थॅलेसेमियाची नुसती वाहक. मग माझी तपासणी केली, मीही मायनर.

काळजी पुढच्या बाळाची आहे. नवऱ्याच्या सख्ख्या चुलतभावाला सिकलसेल आहे, हातपाय दुखायला लागले की ॲडमिट करावं लागतं. नवऱ्याची कॉलेजात असताना शिबिरात तपासणी झाली होती, 'सिकल निगेटिव्ह'. पण ती नळीत रक्त गढूळ होतंय का बघण्याची टेस्ट होती. त्यात थॅलेसेमियाचा वाहक सापडतच नाही. ते थॅलेसेमियाचे वाहक असले तर बाळ मेजर (सतत रक्त चढवावं लागणारा गंभीर प्रकार) असण्याची, आणि शिबिराचा निकाल चुकला असून सिकलचे वाहक असले तर सिकल-थॅलेसेमिया असण्याची शक्यता २५ टक्के. सासूबाई म्हणतात, पहिलीला काही झालं नाही ना, मग दुसऱ्यालाही होणार नाही. पण प्रत्येक खेपेला शक्यता तेवढीच असते, हे त्यांना कसं पटवू?

ह्यांचं रक्त काल एचपीएलसीला दिलंय. अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा:

रिपोर्ट वाईट आला तर वारेचा तुकडा घेऊन होणारी तपासणी दहाव्या आठवड्यानंतर करतात म्हणे. नागपुरात कुठे होते? त्याआधी आम्हा दोघांच्या जनुकातला नेमका दोष माहीत असावा लागतो, तो रिपोर्ट यायला किती दिवस लागले? वेळ फार कमी आहे, म्हणून ते रक्त आत्ताच देऊन ठेवावं का?

आणि अंगणवाडीतून मिळणारं लोहाचं सिरप मुलीला चालू ठेवावं का? मायनर मुलांनाही लोह कमी पडू शकतं असं वाचलं, पण तिचं फेरिटिन चांगलं आहे. तुमच्या डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?