चेंबर खाली उतरवलाय, लहान टॉर्क पाना कुणाकडे आहे? (तातडीचं)

प्रेषक: बाळू
शनिवार, सकाळी ९:१०

मंडळी,

गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) आहे, तेल गळत होतं म्हणून ऑइल चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) खाली काढलाय, नवा शेजारी ठेवलाय. मंडळाच्या पेटीतला सगळ्यात लहान टॉर्क पाना (ठरवलेल्या जोराला टक् करतो तो) हवाय. वहीत शेवटची नोंद ब्रेकचं काम झालं त्या दिवशीची, पुढे भाऊंचं नाव. माझा पाना ४० न्यूटन-मीटरपासून सुरू होतो. चेंबरचे बोल्ट एम ६ (सहा मिलिमीटर जाडीचे) आहेत, पुस्तकात १० दिलेत.

सिलंट (सांधा बंद करणारी पेस्ट) लावल्यावर पाच मिनिटांत चेंबर वर बसवा असं नळीवर लिहिलंय, म्हणजे पाना हातात आल्याशिवाय नळी उघडता येत नाही. वर त्याला रात्रभर सुकायला हवं. सोमवारी सकाळी गाडी लागणार आहे. दुपारपर्यंत कळलं तर बरं होईल.

बाळू

---

प्रेषक: भाऊ
शनिवार, सकाळी ९:३५

बाळू, पाना मी त्याच आठवड्यात परत ठेवला. लाल पेटी, खालचा कप्पा. वहीत लिहायचं राहिलं एवढंच.

पण दहा न्यूटन-मीटरसाठी पाना शोधत बसू नकोस. लहान रॅचेट घे, मूठ दांड्याच्या टोकाला न धरता डोक्याजवळ धर आणि नुसत्या मनगटानं आवळ. बोल्ट टेकला की पाव फेरा, बस. मी तीन गाड्यांचे चेंबर असेच बसवलेत आणि तिन्ही कोरडे आहेत. वाट बघण्यात शनिवार जाईल.

---

प्रेषक: नाना
शनिवार, सकाळी १०:०५

भाऊ, "एवढंच" कसं? पेटी माझ्याकडे असते आणि लोक मला विचारतात. लाल पेटी आत्ता उघडून पाहिली. खालच्या कप्प्यात मोठा पाना आहे, चाकाच्या नटांचा. लहान नाही.

दुसरं, पाव फेऱ्याचं. पॅकिंग रबराचं असेल तर बोल्ट टेकल्यावर पाव फेऱ्यात काहीच होत नाही, रबर दबत राहतं. सिलंटवर धातू धातूला भिडलेला असेल तर तोच पाव फेरा एम ६ ला जास्त होतो. एकच माप दोन्हीकडे कसं चालेल? माझ्या पहिल्या गाडीला मी हातानंच आवळत गेलो होतो. चौदावा बोल्ट मऊ लागला. वाटलं अजून बसतोय. तो बसत नव्हता, ताणला जात होता. डोकं माझ्या हातात आलं, दांडा ब्लॉकमध्ये (इंजिनाच्या मुख्य अंगात) राहिला, आणि ब्लॉक ॲल्युमिनियमचा. उताणं पडून तो दांडा ड्रिलनं काढायला आणि नवे आटे बसवायला तीन दिवस लागले. बोल्ट मऊ लागला की तिथेच थांबायचं, हे मला त्या दिवशी कळलं.

बाळू, पाना मिळाला तर त्यावरचे आकडे कुठल्या मापात आहेत ते आधी बघ. आपला लहान पाना इंच-पाउंडाचा आहे. १० न्यूटन-मीटर म्हणजे साधारण ८९ इंच-पाउंड. ते ८९ फूट-पाउंड समजून कुणी मोठा पाना लावला तर १२० न्यूटन-मीटर होतात. तो चाकाच्या नटाचा जोर झाला.

आणि गाडी खरंच घोड्यांवर आहे ना? चारही बाजूंनी हलवून बघितलीस? मागच्या चाकांना ठोकळे?

नाना

---

प्रेषक: अक्का
शनिवार, सकाळी १०:२०

नाना, पान्याचं राहू द्या. गळती चेंबरचीच होती हे कुणी पाहिलं का? चेंबर इंजिनात सगळ्यात खाली, त्यामुळे वरून गळणारं सगळं तेल त्याच्याच काठावर येऊन थेंब धरतं. मी माझा चेंबर बदलला, दोन रविवार घालवले, आणि तिसऱ्या रविवारी पुठ्ठ्यावर तोच डाग. तेल येत होतं ऑइल प्रेशरच्या स्विचमधून, ब्लॉकच्या बाजूनं ओघळत. तो भाग वीस मिनिटांत बदलला. व्हॉल्व कव्हरचं पॅकिंग, फिल्टरची बैठक, टायमिंग कव्हर, सगळ्यांचं तेल याच वाटेनं खाली येतं. इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथून येत असेल तर मागचं मोठं सील बघायचं. ते काम घरी करण्यासारखं नाही.

बाळू, धुऊन बघितलं होतंस का?

---

प्रेषक: बाळू
शनिवार, सकाळी १०:४०

अक्का, बघितलं होतं. ब्रेक क्लीनरनं सगळं खालचं धुतलं, तेलात चमकणारा रंग टाकला, दोन दिवस गाडी चालवली आणि रात्री जांभळ्या टॉर्चनं पाहिलं. वरचा भाग कोरडा. ड्रेन बोल्टपासून चार बोटांवर पत्रा गंजून फुगला होता, तिथे सुईएवढं भोक. आता चेंबर हातात आहे तर स्क्रूड्रायव्हर टोचला की आरपार जातोय. स्विच मी तपासला नव्हता, आत्ता बोट फिरवून आलो. कोरडा आहे.

नाना, हो, घोड्यांवरच आहे आणि फरशी सपाट आहे. गाडीबरोबर आलेला जॅक डिकीतच आहे, त्याच्यावर भरवसा ठेवून खाली गेलेलो नाही. गाडी हलवून पाहिली, ठोकळे आहेत.

पान्याचं मात्र अजून कळलं नाही.

---

प्रेषक: आप्पा
शनिवार, सकाळी ११:१५

सिलंट का? नव्या चेंबरबरोबर रबरी पॅकिंग आलं नाही का? माझं मत पॅकिंगच्या बाजूनं आहे. सिलंट जास्त लावलं की जेवढं बाहेर दिसतं तेवढंच आतही पिळून येतं. ते सुटलं की थेट तेल ओढणाऱ्या नळीच्या जाळीवर जाऊन बसतं. एका ओळखीच्यांच्या गाडीला चेंबर बदलून दोन महिन्यांत तेलाचा दिवा लागायला लागला. जाळी उघडली तर निळ्या सिलंटचे तुकडे, जाळी अर्धी बंद. इंजिन वेळेत बंद केलं म्हणून बेअरिंगं वाचली.

---

प्रेषक: भाऊ
शनिवार, सकाळी ११:३०

आप्पा, ते सिलंटचं नाही, हाताचं झालं. ज्या इंजिनाला कारखान्यातच सिलंट लावून चेंबर बसवतात, तिथे पॅकिंग बसायला जागाच सोडलेली नसते. पॅकिंग घातलं तर जुळणी बिघडते. आणि पॅकिंगवर सिलंट फासणं त्याहून वाईट, पॅकिंग घसरतं. जिथे रबरी पॅकिंग दिलंय तिथे ते कोरडंच बसवायचं. सिलंट फक्त कोपऱ्यांत, जिथे टायमिंग कव्हर आणि ब्लॉक यांचा सांधा येतो.

---

प्रेषक: आप्पा
शनिवार, सकाळी ११:५०

बरं, पटलं. मग बाळू, सिलंटच लावायचं असेल तर हे दोन बघ.

एक, तीन मिलिमीटरची सलग रेघ, आणि बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूनं. भोकाच्या बाहेरून रेघ गेली तर तेल बोल्टच्या आट्यांतून खाली येतं आणि माणूस म्हणतो चेंबर गळतोय.

दोन, चेंबर वर नेताना तिरका लागला की रेघ पुसते आणि ते खालून दिसत नाही. दोन लांब एम ६ बोल्टांची डोकी कापून टाक आणि ते दांडे समोरासमोरच्या दोन भोकांत हातानं फिरवून ठेव. चेंबर त्यांच्यावरून सरळ वर चढतो, हात थरथरला तरी हलत नाही. बाकीचे बोल्ट लागले की दांडे काढून तिथे खरे बोल्ट घालायचे. हे मला कुणी शिकवलं असतं तर एक अख्खी नळी वाया गेली नसती.

जुनं सिलंट काढताना ब्लॉकवर लोखंडी पातं नको, प्लास्टिकचं घे. घासायची चकती ड्रिलला लावून तर अजिबात नको. तिची पूड वर उडते आणि बेअरिंगांत जाते.

---

प्रेषक: वहिनी
शनिवार, दुपारी १२:१०

मी सहसा इथे लिहीत नाही. लहान पाना आमच्याकडे आहे. भाऊंनी पेटीत ठेवला होता हे खरं आहे, मी तो त्यानंतर सायकलच्या कामाला नेला आणि वहीत लिहिलं नाही. नाना, चूक माझी. बाळू, दीडपर्यंत तुझ्या दारात आणून देते. सोबत पाव इंची लांब एक्स्टेन्शन (पाना आत पोचवायची दांडी) देते, ती पेटीतली नाही, आमची आहे.

---

प्रेषक: नाना
शनिवार, दुपारी १२:२०

वहिनी, सांगितलंत ते बरं केलंत. भाऊ, तुला सकाळी बोललो ते मागे घेतो. आज सगळ्या नोंदी मीच नीट करतो.

पाना परत देताना आकडा सगळ्यात खाली आणून ठेवा, आतली स्प्रिंग दाबलेली राहिली तर माप चुकायला लागतं. आणि दुसरं, मोठा पाना छोट्या कामाला चालत नाही. असे बहुतेक पाने आपल्या कमाल मापाच्या पाचव्या हिश्शाच्या खाली भरवशाचे नसतात. बाळूचा पाना समजा २०० पर्यंतचा असेल, तर ४० च्या खाली तो टक् करेल की नाही याची खात्री देता येत नाही.

---

प्रेषक: बाळू
शनिवार, दुपारी २:५५

पाना मिळाला, वहिनींचे आभार. नळी अजून उघडलेली नाही, कारण नवी अडचण आहे. रिकामा चेंबर लावून सराव केला. सोळापैकी चौदा बोल्टांना पाना सरळ लागतो. मागचे दोन आडव्या बीमच्या वर आहेत. तिथे एक्स्टेन्शन तिरकी जाते, सॉकेट बसत नाही. बीम खाली घ्यायचा तर इंजिनाला वरून आधार द्यावा लागेल, तो माझ्याकडे नाही. हलणारा सांधा लावला तर सॉकेट पोचतं. चालेल का?

दुसरं, ब्लॉकमधून अजून तेल ठिबकतंय. पुसलं की पाच मिनिटांनी काठावर परत थेंब.

---

प्रेषक: भाऊ
शनिवार, दुपारी ३:१०

ते दोन हातानंच. सकाळपासून सांगतोय.

---

प्रेषक: नाना
शनिवार, दुपारी ३:२५

हलणारा सांधा नको. कोन वाढला की पाना एक दाखवतो आणि बोल्टला दुसरंच मिळतं. उघड्या तोंडाचा जो छोटा पाना टॉर्क पान्याच्या टोकाला लागतो, तो काटकोनात लाव. काटकोनात असला की लांबी जवळपास बदलत नाही, आकडा तोच राहतो. सरळ रेषेत पुढे लावलास तर लांबी वाढते: २५ सेंटिमीटरच्या पान्याला ३ सेंटिमीटर जोडले तर १० चे ११.२ होतात. तो पेटीत आहे, पण १० मिलिमीटरचा आहे की १२ चा ते बघावं लागेल.

---

प्रेषक: नाना
शनिवार, दुपारी ३:३५

१२ चा निघाला. उपयोग नाही.

---

प्रेषक: अक्का
शनिवार, दुपारी ३:५०

मग भाऊंचा हात आणि नानांचा आकडा दोन्ही वापरू. बाळू, जुन्या चेंबरचा काठ शिकंज्यात धर. काठाच्या भोकातून एक जुना एम ६ बोल्ट घाल, मागे नट. टॉर्क पान्यानं ८९ ला टक् होईपर्यंत आवळ. मग सोडव, आणि ज्या लहान रॅचेटनं मागचे दोन बोल्ट लावणार आहेस त्यानं, तशीच मूठ धरून, डोळे मिटून आवळ. पुन्हा टॉर्क पाना लावून बघ: टक् लगेच झालं तर तू कमी नव्हतास. बोल्ट आधी थोडा फिरला तर कमी होतास. जास्त होतंय का हे कळायला पाना ९५ वर ठेव, तिथे बोल्ट किंचित फिरून मग टक् व्हायला हवा. वीस-पंचवीस वेळा कर. हात शिकतो. मात्र हे सगळं सिलंट उघडायच्या आधी. ओल्या सिलंटवर बोल्ट आवळून परत सैल केला की सांधा तुटतो, मग पुन्हा सगळं खरवडायचं.

ठिबकण्याचं: आज लावूच नकोस. रात्रभर खाली घमेलं ठेवून ठिबकू दे. सकाळी काठ ब्रेक क्लीनरनं पुसायचा, पांढऱ्या चिंधीवर डाग येईनासा झाला की लगेच रेघ मारायची. तेलकट धातूला सिलंट चिकटत नाही, आणि ते आजच्या घाईत होईल अशी मला भीती वाटते.

सोमवारी मी तुला सोडेन. आठ वाजता तयार राहा.

---

प्रेषक: भाऊ
शनिवार, दुपारी ४:०५

अक्का, ही युक्ती मला माहीत नव्हती. मीही माझा हात तपासून बघतो.

---

प्रेषक: भाऊ
शनिवार, संध्याकाळी ६:३०

तपासला. दहा वेळांपैकी सात वेळा मी ९५ च्या वर होतो. माझे चेंबर कोरडे आहेत, पण बाळू, माझ्या अंदाजानं जाऊ नकोस, स्वतःचा हात बसव.

---

प्रेषक: आप्पा
रविवार, सकाळी ८:१५

चेंबर उघडा आहे तोवर तेल ओढणाऱ्या नळीची गोल रबरी रिंग बदल. कडक झालेली रिंग हवा ओढते, मग तेलाचा दाब पडतो. चेंबर लागला की तिथे हात पोचत नाही. नव्या चेंबरचा काठ सरळ पट्टी ठेवून तपासलास का? वाटेत पत्रा वाकून येतो.

---

प्रेषक: बाळू
रविवार, दुपारी १२:४०

आप्पा, रिंग बदलली, जुनी नखानं दाबली तर तडकली. काठ सरळ होता.

चेंबर बसला. दोन दांड्यांवरून सरळ गेला. मधल्या बोल्टांपासून बाहेर, समोरासमोर, आधी सगळे हलके, मग ४५ ला, मग ८९ ला. मागचे दोन हातानं, काल रात्री तीस वेळा सराव केला होता. बाहेर सगळीकडे सारखी बारीक कड आलीय, कुठे तुटलेली नाही. ड्रेन बोल्टला नवा वायसर घातला. तेल आज घालत नाही.

---

प्रेषक: बाळू
सोमवार, संध्याकाळी ७:५०

नवा फिल्टर लावला, साडेचार लिटर तेल घातलं, इंजिन सुरू केलं. दिवा तीन-चार सेकंदांत विझला. दहा मिनिटं चालू ठेवलं, बंद करून पट्टीवर पातळी पाहिली, थोडं तेल वर टाकावं लागलं. काठावर बोट फिरवलं, मागच्या दोन बोल्टांशी आरसा धरून पाहिलं. कोरडं आहे. खाली पुठ्ठा ठेवलाय, उद्या सकाळी पुन्हा बघेन.

जुनं तेल बंद डब्यात भरून ठेवलंय, जमा करायला नेईन. कुणाचं साठलेलं असेल तर सोबत द्या, एकच फेरी होईल.

नाना, पाना उद्या आणून देतो, आकडा खाली करून. नोंद तुमच्यासमोरच करतो.

---

प्रेषक: नाना
सोमवार, रात्री ८:१०

ये. सातनंतर घरी आहे. १० मिलिमीटरचा तो उघड्या तोंडाचा पाना मी पेटीत घालतोय.