मध्वाचार्य म्हणतात, देव वेगळा आणि मी वेगळा. पटतं का?

पळीपंचपात्र:
आमच्याकडे एकादशीला साबुदाण्याची खिचडी होत नाही. सोलापूरकडचं माध्व, म्हणजे मध्वाचार्यांचा संप्रदाय पाळणारं घर. आजी पाण्याचा थेंब घेत नसे, आजोबांच्या कपाळावर अंगाऱ्याची काळी उभी रेघ आणि अंगभर गोपीचंदनाच्या मुद्रा. मला ते नुसतं सोवळं वाटायचं. हल्ली मूळ विचार वाचला आणि वाटलं, आपण या माणसाकडे उगाच पाठ फिरवली. १३व्या शतकात उडुपीजवळ पाजक गावी जन्मले, अद्वैती, म्हणजे जीव आणि ब्रह्म एकच मानणाऱ्या गुरू अच्युतप्रेक्षांकडे शिकले आणि त्यांच्याशीच वाद घातला. म्हणणं सरळ: जग खरं, भेदही खरा. ईश्वर-जीव, ईश्वर-जड (जड म्हणजे निर्जीव), जीव-जीव, जीव-जड, जड-जड असे पाच भेद. माझी दाढ ठणकते ती मलाच कळते, शेजाऱ्याला नाही. हा रोजचा अनुभव माया म्हणून का झटकायचा?

घटाकाश:
दाढेचं ठीक आहे, छांदोग्य उपनिषदातल्या 'तत्त्वमसि'चं, म्हणजे 'ते तू आहेस'चं काय? 'स आत्मा तत्त्वमसि' याचा संधी फोडून 'अतत् त्वम् असि', म्हणजे 'तू ते नाहीस' करायचं? उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, नऊ वेळा एकच गोष्ट सांगतो आणि आचार्य त्यात 'अ' घुसवतात. याला शीर्षासन म्हणतात.

पळीपंचपात्र:
घुसवत नाहीत, व्याकरणात बसतो तो. आणि उद्दालकाचेच दाखले बघा ना. दोरीला बांधलेला पक्षी आणि दोरी एक असतात का? मध्व नेमकं तेच विचारतात. तुकोबांनाही ब्रह्मज्ञान नको होतं, तू देव आणि मी भक्त एवढंच हवं होतं.

घटाकाश:
तुकोबांना मध्ये आणू नका. त्यांचे अद्वैताचे अभंगही ढीगभर आहेत, सोयीचा तेवढा उचलायचा नाही.

रोखठोक:
शब्दांची कुस्ती राहू द्या, खरी अडचण कुणी बोलतच नाही. मध्वमतात जीव तीन प्रकारचे: मुक्तियोग्य, नित्यसंसारी आणि तमोयोग्य. तिसऱ्यांना कायमचा अंधतमस, म्हणजे घोर अंधाराचा नरक, सुटका नाही. एरवी आपल्याकडे पापी माणूससुद्धा कधीतरी सुटतो. इथे दारच बंद. बरं, सुटलेल्यांच्याही आनंदात तारतम्य, म्हणजे मोक्षातसुद्धा रांग!

पळीपंचपात्र:
त्यांचं उत्तर असं की जीवाचा स्वभाव अनादि आहे, देवाने तो घडवला नाही, म्हणून देवाकडे दोष जात नाही. तर्काला पुरतं. मला स्वतःला पटत नाही, खोटं कशाला बोलू? रांगेचं मात्र पटतं. तांब्या आणि घागर दोन्ही काठोकाठ भरलेली असली तरी पाणी सारखं नसतं.

काणकोणकर:
आम्ही गोव्यातल्या पर्तगाळी मठाचे. माध्व आहोत, मासेही खातो, आता हसा. पण तारतम्य जीवाचं आहे, जातीचं नव्हे. कन्नड संतकवी कनकदास धनगर समाजातले, तरी माध्व यती व्यासतीर्थांचे शिष्य. उडुपीला आजही कृष्णाचं दर्शन 'कनकन किंडी' या कनकदासांच्या नावाच्या खिडकीतून घेतात. आणि यज्ञात जिवंत पशूऐवजी पिठाचा पशू ठेवा असं सांगणारेही मध्वच, हे विसरू नका.

रोखठोक:
आख्यायिका तुमचीच ना? कनकदास बाहेर उभे, देव वळला, भिंत फुटली. देवळाचं दार काही उघडलं नाही.

काणकोणकर:
हा घाव बसला. पण तो उडुपीच्या तेव्हाच्या पुजाऱ्यांना, पंचभेदाला नाही.

घटाकाश:
पळीपंचपात्र, एक शंका. खिचडी नाही, पाणी नाही, ते कळलं. पण या वेळी कॅलेंडरात दोन एकादश्या आहेत. तुमची कुठली?

पळीपंचपात्र:
दुसरी, भागवत. एकादशीला दशमीचा वेध, म्हणजे पहाटे थोडी दशमी उरलेली, चालत नाही आम्हाला. आणि हो, आजी गेल्यापासून मी पाणी पितो.