टांझानिया: राहिलेल्यांनी, पाहिलेल्यांनी, ऐकलेल्यांनी लिहा (अनुभव धागा)

आंबेमोहर
परवा लेकाने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. दार-ए-सलाम ते डोडोमा विजेवरची नवी रेल्वे, २०२४ पासून धावतेय. साडेतीन-चार तासांत डोडोमा! ८२-८३ साली बाबा त्याच वाटेने जीपने जायचे तेव्हा अख्खा दिवस पुरायचा नाही. रात्रभर सगळं आठवत राहिलं, म्हणून हा धागा.

बाबा साखर कारखान्यात केमिस्ट, कोल्हापूरकडचे. करारावर मोरोगोरो भागात गेले आणि आम्हीही गेलो. कारखान्याच्या वसाहतीत साखर होती, पण गावातल्या दुकानाची फळी रिकामी. साखर, तेल, पीठ, साबण, कशालाही रांग. १९७८-७९ च्या युद्धात टांझानियाने युगांडाचा हुकूमशहा अमीन याला हाकललं, त्याचा खर्च, त्यात तेलाचे भाव भडकलेले, आणि शेती सरकारी धोरणात अडकलेली. हे सगळं मोठी झाल्यावर कळलं. तेव्हा एवढंच दिसायचं की आई साबणाची वडी दोऱ्याने कापून चार तुकडे करते आणि एक तुकडा शेजारच्या बाईंना देते. त्या बदल्यात त्या अंगणातला मचिचा द्यायच्या, आपल्या माठासारखी पालेभाजी.

प्रत्येक ऑफिसात राष्ट्राध्यक्ष न्येरेरेंचा फोटो. त्यांना सगळे म्वालिमु म्हणजे गुरुजीच म्हणत. त्यांच्या उजामा म्हणजे सामूहिक शेतीच्या योजनेत १९७३ नंतर माणसांना जुन्या वस्त्या सोडायला लावून नव्या गावांत नेलं. आमच्या ड्रायव्हरकाकांच्या आईचं घरही त्यात गेलं होतं, ते सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. पण त्याच काकांची मुलं शाळेत जात होती आणि सव्वाशे जमातींचा देश एका स्वाहिलीत बोलत होता. शेजारच्या देशांत काय काय झालं ते बघितलं की हे केवढं मोठं काम होतं ते कळतं. मला न्येरेरेंबद्दल आजही आदर वाटतो, काकांच्या आईचं दुःख माहीत असूनही.

तुमचे अनुभव लिहा. थोडक्यात लिहिलं तरी चालेल.

वेतोबाचा_माणूस
आमच्याकडे टांझानिया म्हणजे गोणी. वेंगुर्ल्याला काजूचा कारखाना आहे आमचा, छोटाच. कोकणातली बी मार्च ते मे. ती संपली की वर्षभर काय फोडणार? तिकडे दक्षिणेला म्त्वारा, लिंडी भागात बी ऑक्टोबरपासून पडते, म्हणजे बरोबर उलटा हंगाम. कंटेनर आला की पहिली गोणी उघडून मूठभर बी कापून बघायची. गर पांढरा आणि भरलेला असला तर जीव भांड्यात पडतो. टांझानियाची बी उताऱ्याला चांगली, ८० किलोच्या गोणीला ४८ पौंडांच्या पुढे गर मिळतो.

पण मला कायम खटकतं. बी तिकडची, फोडायचं काम आमच्या बायकांना किंवा व्हिएतनामच्या मशीनला. त्यांच्या बायकांच्या हाताला काय? न्येरेरेंच्या काळात त्यांनी कारखाने काढले होते, ते बंद पडले. अजून बहुतेक बी कच्चीच जाते. २०१८ ला व्यापारी भाव देईनात तेव्हा राष्ट्राध्यक्ष मागुफुलींनी सैन्य लावून बी उचलली, किलोला ३३०० शिलिंग जाहीर केले. आमचा धंदा त्या साली पार हलला, तरी शेतकऱ्याच्या बाजूने कोणीतरी उभं राहिलं हे बघून बरं वाटलं होतं. पैसे मिळायला मात्र कित्येकांना महिनोन्‌महिने थांबावं लागलं असं ऐकलं.

सुगरणीचा_खोपा
आंबेमोहर ताई, बाबा कोल्हापूरकडच्या कुठल्या कारखान्यातून गेले होते? माझे सासरेही तेव्हाच आफ्रिकेत गेले होते पण इथिओपियाला. त्यांच्या पेटीत अजून तिथली कॉफीची चिनी मातीची भांडी आहेत, सासूबाई कुणाला हात लावू देत नाहीत.

आंबेमोहर
@सुगरणीचा_खोपा व्यनि करते गं. इथे नावं नकोत. भांडी वापरा हो, ठेवून काय उपयोग!

पहाटपाळी
मी नर्स आहे, मुंबईत. आधीच्या हॉस्पिटलात लहान मुलांच्या हृदयाच्या वॉर्डात टांझानियाची मुलं असायची. हृदयाला छिद्र असलेलं लेकरू आणि सोबत एकटी आई. भाषा येत नाही, इथलं तिखट सोसत नाही. आई भाताबरोबर नुसतं वरण खायची. मी त्यांच्याकडून पोले शिकले. कुणाला दुखलं, खुपलं, ठेच लागली की म्हणायचं. सुई टोचताना मी पोले पोले म्हटलं की मुलं रडायची थांबून माझ्याकडे बघत बसायची.

मग हळूहळू ती मुलं कमी झाली. दारला (दार-ए-सलामला) मुहिंबिली या सरकारी हॉस्पिटलच्या आवारात २०१५ ला स्वतंत्र हृदयरोग संस्था झाली, आता बरीच ऑपरेशनं तिथेच होतात. आमचा वॉर्ड ओकाबोका झाला तरी मला आनंदच झाला. साडेचार हजार किलोमीटर लांब, नवरा आणि बाकीची मुलं तिकडे, अशा स्थितीत आईने आयसीयूच्या दाराशी बसणं फार वाईट.

त्यांच्या आरोग्य पाहणीत एक आकडा वाचला होता तो विसरत नाही. बाळंतपणातले मातामृत्यू २०१५-१६ ला लाख जिवंत जन्मांमागे ५५६ होते, २०२२ च्या पाहणीत १०४. ज्यांनी प्रसूती वॉर्डात रात्रपाळ्या केल्यात त्यांनाच कळेल हे. ड्युटीला निघते, नंतर लिहिते.

उपांगा_कट्टा
दारमध्येच राहतो, नोकरीला. ऑफिस सुटलंय, बसमध्ये उभ्याने टाइप करतोय, चुका सांभाळून घ्या.

ही बस म्हणजे म्वेंडोकासी, २०१६ ला सुरू झालेली बीआरटी. किमारापासून समुद्रापर्यंत स्वतंत्र मार्गिका. पुण्याच्या बीआरटीचे हाल बघितलेल्या माणसाला पहिल्यांदा बसल्यावर विश्वासच बसत नाही की मार्गिकेत दुसरं कुणी घुसत नाहीये. गर्दी मात्र भयानक आणि बसा कमी. उतरल्यावर घरापर्यंत बजाजी, म्हणजे आपलीच वाळूजची रिक्षा. गल्लीगल्लीत तीच.

पैशाचं सांगतो. इथे २००८ पासून मोबाईलवर पैसे जातात, आपलं यूपीआय २०१६ चं. आमच्या घरी काम करणाऱ्या ताई महिन्याला सिंगिडाजवळच्या गावी आईला पैसे पाठवतात. कोपऱ्यावर टपरीएवढा एजंट, फोन पुढे केला की झालं. गावी बँक नाही, एजंट आहे. विजेचंही तसंच, मीटर प्रीपेड. फोनवर पैसे भरायचे, वीस आकडी नंबर येतो, तो मीटरवर दाबायचा. जेवताना वीज संपली तर अंधारात बॅटरी लावून आकडे दाबत बसायचं. २०२३ च्या अखेरीला तर पैसे भरूनही वीज नव्हती, रोज तासन्‌तास भारनियमन. मग रुफिजी नदीवरचं न्येरेरे धरण २०२४ ला चालू होऊ लागलं, २११५ मेगावॅटचं. फरक घरात जाणवला. धरण सेलूच्या अभयारण्यात बांधलं म्हणून जगभर आरडाओरडा झाला आणि तो चुकीचा नव्हता. पण फ्रीजमधलं दूध नासणं थांबलं हेही खरं.

आता वाईट तेही लिहितो. ऑक्टोबर २०२५ च्या निवडणुकीत इंटरनेट बंद, संचारबंदी, रस्त्यावर गोळीबार. विरोधी पक्षाचे मुख्य नेते तुरुंगात. आमच्या ऑफिसातली तरुण मुलं, नेहमी हसणारी, नंतर कितीतरी दिवस बोलत नव्हती. शांत देश म्हणून सगळे इथे येतात. रेल्वे, धरण, पूल झाले म्हणून माणसांनी गप्प बसायचं हे मला पटत नाही. उतरायचं आलं.

नदीकाठ
@उपांगा_कट्टा माझा भाऊ तेव्हा म्वांझाला होता. फोन लागेना, मेसेजला एकच खूण. आईने देव पाण्यात घातले होते. काळजी घ्या दादा.

औसा_रोड
लातूर. तूर. कुणी काढलीच नाही म्हणून मी काढतो.

आफ्रिकेची तूर आली की आमचे भाव पडतात म्हणून आम्ही बोंबलतो आणि ते बरोबरच आहे. पण २०१५-१६ ला डाळ दोनशेवर गेली तेव्हा इथून व्यापारी गेले, तूर लावा म्हणाले. टांझानियातल्या बाबाटीकडच्या शेतकऱ्यांनी लावली. ती डाळ त्यांच्या रोजच्या खाण्यातली नव्हे, बरीचशी आपल्याचसाठी. मग आपल्याकडे बंपर पीक आलं आणि ऑगस्ट २०१७ ला दिल्लीने आयातीवर मर्यादा घातली. तिकडे भाव कोसळले, पोती पडून राहिली. मी दाल मिलला असताना तिकडचा एक व्यापारी आला होता, तो मोबाईलवर गोदामाचे फोटो दाखवत होता. आपल्या मार्केट यार्डातला पावसात भिजलेला ढीग आणि तो ढीग, काही फरक नव्हता. दोन्हीकडचा शेतकरी मेला आणि धोरण ठरवणाऱ्याला दोघांपैकी कुणीच माहीत नाही.

वेतोबाचा_माणूस
@औसा_रोड अगदी. काजूलाही आयात शुल्काचं असंच. कधी आहे, कधी नाही. तुमचा नंबर असेल तर व्यनि करा, तुरीच्या गाड्या परत रिकाम्या जातात का ते विचारायचं आहे.

हळदोणेकर
आमच्या शेजारच्या आजी झांझिबारला वाढलेल्या. वडील सरकारी कारकून, तिथे बरेच गोंयकार तसेच होते. कारकून, शिंपी, फोटोग्राफर. १२ जानेवारी १९६४ च्या क्रांतीनंतर दोन ट्रंका घेऊन बोटीने परत. त्यांना विचारलं की त्या लवंगांचंच सांगायच्या, रस्त्यावर चटया घालून वाळवत, अख्ख्या बंदराला वास. गोळीबाराचं कधीच नाही. त्याच एप्रिलात टांगानिका म्हणजे मुख्य भूमी आणि झांझिबार बेटं मिळून टांझानिया झाला.

पाचगणीत शिकलेला गायक फ्रेडी मर्क्युरीही तिथलाच हे इथल्या बहुतेकांना ठाऊक असेल. आता उलट चाललंय, २०२३ पासून झांझिबारला मद्रास आयआयटीची शाखा आहे. आजी असत्या तर खूश झाल्या असत्या.

पायवाट
आम्ही सफारीला गेलो होतो, गोरोंगोरो, सेरेंगेटी. प्राण्यांबद्दल हजार ठिकाणी वाचाल. मला लिहायचंय मसाईंबद्दल, तिथल्या गुरं राखणाऱ्या जमातीबद्दल. आमचा गाईड स्वतः मसाई. २०२२ ला सेरेंगेटीशेजारच्या लोलिओंडोत त्यांच्या चराऊ जमिनीवर सरकारने खुणेचे खांब रोवले, तेव्हा झालेल्या झटापटीत त्याचे नातेवाईक जखमी झाले होते. पर्यटनातून देशाला डॉलर मिळतात, खरंय. आपल्याकडे अभयारण्यासाठी उठवलेली गावं बघितल्यावर तिकडे वेगळं काय वाटणार? तो गाईड गुरांची नावं सांगत होता, प्रत्येक गाईचं वेगळं. आम्ही सिंह बघायला मान वळवत होतो आणि तो म्हणाला, त्या टेकडीमागे आमची गुरं चरायची. पुढे काही बोलला नाही, मीही काही विचारू शकले नाही.

पहाटपाळी
ड्युटी संपली. @पायवाट वाचून गलबललं. @हळदोणेकर त्या आजींनी लिहून ठेवलं असतं तर.

आंबेमोहर
सगळ्यांचं वाचतेय, रडतेय, डोळे पुसतेय. @उपांगा_कट्टा, आम्ही होतो तेव्हाही लोक सरकारबद्दल आवाज खाली करून बोलायचे. १९९२ ला बहुपक्षीय पद्धत आली तेव्हा बाबा इथून त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांना पत्रं लिहीत होते, फार आशेने. आज काय म्हणाले असते माहीत नाही. आकडे बघितले तर १९६७ च्या जनगणनेत सव्वा कोटी माणसं, २०२२ ला सहा कोटींच्या पुढे. त्यातली निम्म्याहून जास्त तरुण पोरं. त्यांना काम आणि बोलायला जागा, दोन्ही लागणार. गरिबी २००७ ला ३४ टक्के होती ती २०१८ ला २६ वर आली, पण वेग पुरत नाही असं वाटतं.

साधा_प्रश्न
नमस्कार, विषयाला सोडून आहे, माफ करा. मुलगा दारला आहे, मे महिन्यात आई-बाबांना घेऊन जायचा विचार. शुद्ध शाकाहारी. जेवणाचं काय? पिवळ्या तापाची लस लागते का?

उपांगा_कट्टा
किसुतूला देवळांच्या गल्लीत गुजराती थाळी मिळते, अगदी घरच्यासारखी. बाहेर कुठेही चिप्स, भात आणि महारागे, म्हणजे नारळाच्या दुधातला राजमा. लसीचं विमान कंपनीला आणि डॉक्टरांना विचारा, कुठून बदलून येता त्यावर आहे. कार्ड एकदा घेतलं की आयुष्यभर चालतं. मलेरियाचंही डॉक्टरांशी बोला, ते टाळू नका. आणि मेमध्ये नको, मार्च ते मे मोठा पाऊस, दारच्या रस्त्यांवर पाणी साचतं. जून-जुलै उत्तम.

साधा_प्रश्न
खूप आभार. मग जूनचंच तिकीट बघतो. आईला थंडी सोसत नाही, स्वेटर लागेल का?

उपांगा_कट्टा
दारला नाही. अरुशाला जाणार असाल तर घ्याच, आणि काकूंसाठी मोजेसुद्धा.