मदत हवी आहे: एटीव्हीच्या (चिखलमातीत चालवायच्या उघड्या चारचाकीच्या) मागच्या ॲक्सलमध्ये पुन्हा पुन्हा पाणी शिरतंय

चिखलवाट
तिसऱ्यांदा तेच झालंय. मागचा ड्रेन प्लग सैल केला तर आधी पेलाभर पाणी आलं, मग पांढुरकं फेसाळ ऑइल. दोन्ही बाजूंचे ऑइल सील बदलून महिनाही झालेला नाही. टिकणारे सील कोणते ते सांगा, किंवा बाहेरून सिलिकॉन थापून बंद करता येईल का? रविवारी गाडी लागणार आहे, जरा लवकर.

रानोमाळ
अहो, चेनवाली आहे की शाफ्टवाली, म्हणजे मागच्या चाकांना ताकद चेनने जाते की फिरत्या दांड्याने? मागे एकच आडवा ॲक्सल आहे की दोन्ही चाकं स्वतंत्र वरखाली होतात? पाण्यात किती खोल नेता? यातलं काहीच लिहिलं नाहीत.

पाणकोंबडी
चेनवाल्या गाडीत मागे बहुतेक ग्रीसवरची बेअरिंग असतात, ऑइल नसतंच. ऑइल निघालं म्हणजे शाफ्ट असणार.

चिखलवाट
हो, शाफ्टच. एकच आडवा ॲक्सल. ओढे ओलांडतो, पाणी चाकाच्या मध्यापर्यंत येतं. सील कोणते घेऊ?

दगडधोंडा
पाण्यातून आल्यावर एअरबॉक्सचं, म्हणजे इंजिनला हवा जाते त्या डब्याचं, झाकण आधी उघडून बघत जा. आत पाणी असताना स्टार्टर मारला तर इंजिनातला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. माझा वाकलाय, पूर्ण इंजिन खोलावं लागलं.

रानोमाळ
दगडधोंडा, त्यांचं इंजिन ठणठणीत आहे. प्रश्न मागच्या ॲक्सलचा आहे.

जुना फिटर
चिखलवाट, सीलच्या मागे लागू नका, आधी ब्रीदर बघा. गिअरकेसच्या वरच्या अंगाला एक बारीक नळी लागलेली असते, ती फ्रेममधून वर गेलेली असते. चालवताना केस तापते, आतली हवा फुगते आणि त्या नळीवाटे बाहेर पडते. तशीच तापलेली केस थंड ओढ्यात बुडाली की आतली हवा आकसते. नळी मोकळी असेल तर वरून हवा आत येते. तुंबलेली असेल तर आतला दाब पडतो आणि केस सीलच्या ओठातून, म्हणजे ॲक्सलला टेकणाऱ्या रबरी कडेतून, पाणी ओढून घेते. सील आतलं ऑइल अडवायला बसवलेला असतो, बाहेरून आत ओढलं जाणारं पाणी तो फार वेळ थोपवत नाही.

केस ८० अंशांवरून २५ अंशांवर आली तर बंद हवेचा दाब सुमारे १५ टक्क्यांनी उतरतो, म्हणजे दोन पीएसआयहून (पीएसआय हे दाबाचं माप) जास्त. नवा सीलही याला पुरत नाही. आणि नळीचं वरचं टोक पाण्याच्या रेषेखाली आलं असेल तर पाणी थेट नळीतूनच शिरतं, सीलचा संबंधच नाही.

सिलिकॉन थापू नका. फिरत्या ॲक्सलवर ते टिकत नाही, उलट सुटलेले तुकडे सीलच्या ओठात अडकतात.

सडा
ब्रीदर ठीकच, पण आधी आतलं पाणी घालवा. अर्धा लिटर डिझेल भरायचं, दोनेक किलोमीटर फिरवायचं, काढून टाकायचं. लख्ख होतं. मी कायम हेच करतो.

पाणकोंबडी
हे करू नका. डिझेलचा थर गिअरच्या दातांवर टिकत नाही आणि तुम्ही वर माणसाचा भार घालून चालवायला सांगताय. धुवायचंच असेल तर स्वस्त गिअर ऑइल भरा, मागची चाकं उचलून गाडी नीट टेकवा, पाच मिनिटं हळू फिरवा, गरम असतानाच काढा. पांढुरकेपणा जाईपर्यंत दोन-तीनदा.

सडा
इतकी वर्षं करतोय, एकही दात गेलेला नाही.

पाणकोंबडी
तुमचा गेला नाही म्हणून दुसऱ्याला सांगावं असं नाही. शिवाय काही गाड्यांच्या मागच्या केसमध्ये ऑइलमध्ये बुडालेल्या डिस्कचा ब्रेक असतो. तिथे तर साधं ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइलसुद्धा चालत नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच ऑइल घाला.

रानोमाळ
प्लगच्या चुंबकावर काय होतं? राखाडी मऊ लेप असेल तर नेहमीची झीज. टोचणारे कण किंवा पातळ पापुद्रे असतील तर आतलं बेअरिंग किंवा गिअर सुटतोय.

चिखलवाट
लेपच होता, बोटाने पुसला गेला. ब्रीदर आहे हेच मला माहीत नव्हतं. बघून सांगतो.

चिखलवाट
नळी काढली. फुंकून बघितलं तर हवा जाईचना. टोक कापलं तर आत बोटाच्या पेराएवढा मातीचा घट्ट गोळा, आतून पोकळ. कुंभारीण माशीने घर केलं होतं! वरचं टोकही सीटखाली, चाकाच्या वरच्या कडेच्या जेमतेम वर होतं. नवी नळी हँडलपर्यंत नेऊन टोक खाली वाकवलंय. आता सील तेच ठेवू का?

जुना फिटर
झालं ते उत्तम. पण ठेवायच्या आधी तपासा. ब्रीदरच्या नळीला सायकलचा पंप लावून अगदी हलकी हवा द्या, दोन पीएसआयच्या वर नाही, कॉम्प्रेसर तर नकोच, नाहीतर चांगला सीलही उडेल. मग दोन्ही सीलभोवती आणि प्लगवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे येतील तिथून गळती आहे.

आणि गाडी प्रेशरने धुताना फवारा सीलवर धरता का?

चिखलवाट
हो, चिखल तिथेच साचतो ना. उजवीकडे काही नाही, डावीकडे बारीक बुडबुडे येतायत. नवाच सील आहे तो!

जुना फिटर
फवारा तिथे धरायचा नाही, ब्रशने काढा. डावा सील काढून ॲक्सलवर त्याचा ओठ टेकतो तिथे नख फिरवा. नख अडकलं तर जुन्या सीलने खाच पाडली आहे, नवा सील त्या खाचेवर बसणार नाही. वरून पातळ स्टीलची बाही चढवतात, किंवा जागा असेल तर सील एक-दोन मिलिमीटर पुढेमागे बसवतात. बसवताना स्प्रिंगची बाजू ऑइलकडे, ओठाला ऑइल लावून.

रानोमाळ
त्याआधी चाक वर उचलून वरखाली हलवून बघा. बेअरिंगला प्ले (ढिलेपणा) असेल तर ॲक्सल सीलमध्ये डुगडुगतो आणि कितीही सील बदला, पुन्हा गळतो.

चिखलवाट
नख अडकत नाही. पण चाक हलवलं की डावीकडे टक् असा आवाज येतो आणि ॲक्सल हललेला डोळ्यांना दिसतो.

जुना फिटर
मग बेअरिंग गेलंय. पाण्यात राहिलेलं बेअरिंग गंजतंच. बेअरिंग आणि सील एकाच वेळी बदला. तोवर ओढ्यात नेऊ नका.

चिखलवाट
दोन्ही मागवलं. रविवारी गाडी बाहेर काढत नाही. बेअरिंग काढल्यावर आतला गंज किती आहे ते इथेच लिहितो.